जालपटलविकृती, मधुमेहजन्य : प्रतिमांतील चिन्हे

दीर्घकाळ टिकलेल्या मधुमेहामुळे जालपटलातील (डोळ्याच्या मागील भागातील प्रकाशसंवेदी पडद्यातील) सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जी हानी होते, तिला मधुमेहजन्य जालपटलविकृती म्हणतात. जालपटल हे शरीरातील अशा मोजक्या स्थानांपैकी एक आहे की, जेथे त्वचेला छेद न देता जिवंत रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतात व त्यांचे छायाचित्र घेता येते. या छायाचित्रांत दिसणारे लाल ठिपके, पिवळे कण, पांढुरके डाग, नीलांचा बदललेला आकार आणि नव्याने उगवलेल्या वाहिन्या यांना विकृतीची प्रतिमाचिन्हे म्हणतात. प्रत्येक चिन्हाला निश्चित अर्थ असून त्यांची संख्या व स्थान यांवरून विकृतीची अवस्था ठरविता येते. या चिन्हांचे महत्त्व असे की, ती बहुधा रुग्णाला दृष्टिदोष जाणवण्यापूर्वी उमटतात. विकृती बरीच पुढे गेल्यानंतरही दृष्टी स्पष्ट राहू शकते आणि दृष्टी अधू होते तेव्हा गेलेली दृष्टी पूर्णपणे परत मिळविण्याची वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते. म्हणून या विकारात रुग्णाच्या तक्रारीपेक्षा त्याच्या जालपटलाच्या प्रतिमेवर अधिक भिस्त ठेवावी लागते. [⟶ डोळा, मधुमेह].

रचना व विकृतीची कारणे : जालपटलाच्या आतील थरांना मध्य रोहिणीच्या शाखांमधून रक्त मिळते, तर प्रकाशसंवेदी कोशिकांचा बाह्य थर त्यामागील रंजितपटलातून पोसला जातो. जालपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असून त्याच्या केंद्रातील गर्तिकेमुळे वाचन, शिवणकाम, चेहरे ओळखणे यांसारखी बारीक कामे करता येतात. गर्तिकेच्या अगदी मध्यभागी केशवाहिन्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या) नसतात. जालपटलातील केशवाहिन्यांच्या भिंतीत आतून अंतःस्तर कोशिका व बाहेरून परिकोशिका असतात. अंतःस्तर कोशिका एकमेकींना घट्ट जोडलेल्या असल्यामुळे रक्तातील द्रव व मोठे रेणू सहजासहजी बाहेर झिरपत नाहीत.

रक्तातील शर्करा वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे परिकोशिका नष्ट होऊ लागतात, अंतःस्तराखालील आधारकला जाड होते आणि भिंतीचा आधार सुटून ती जागोजाग फुगते. यापासून दोन प्रकारची हानी संभवते. पहिल्या प्रकारात भिंत गळकी होऊन द्रव, वसा व रक्त ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) साचते. दुसऱ्या प्रकारात केशवाहिनी बंद पडून त्यापुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो. रक्तपुरवठा तुटलेले जालपटल नवीन वाहिन्यांच्या वाढीस चेतना देणारी प्रथिने स्रवते. असा एखादा पदार्थ असावा, हे अनुमान आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडले होते; अशा प्रथिनांपैकी एकाचे प्रमाण या रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात वाढलेले असते, हे १९९४ मध्ये दाखविण्यात आले. पुढे वर्णिलेली बहुतेक सर्व चिन्हे गळती किंवा अडथळा या दोहोंपैकी एकाची दृश्य रूपे होत.

ऐतिहासिक आढावा : हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रपरीक्षकाचे (डोळ्याचा आतील भाग पाहण्याच्या साधनाचे) वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांतच एडुआर्ट येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पीतबिंदूतील बदलांचे वर्णन केले. परंतु ते मधुमेहामुळेच झालेले आहेत की नाहीत, याविषयी दीर्घकाळ वाद चालला. १८९० मध्ये यूलियुस हिर्शबेर्ख यांनी या विकृतीचे प्रकार पाडले. ग्लासगो येथील आर्थर बॅलंटाइन यांच्या १९४३ च्या सुमाराच्या अभ्यासातून केशवाहिन्यांच्या भिंतीतील फुगवटे हे या विकृतीचे आरंभीचे स्वरूप असल्याचे स्पष्ट झाले.

जालपटलाचे छायाचित्रण १९२६ मध्ये बाजारात आलेल्या त्साइस-नॉर्डेन्सन कॅमेऱ्यामुळे व्यवहार्य झाले. १९६१ मध्ये नोव्हॉट्नी व ॲल्व्हिस या अमेरिकेतील दोन तरुण संशोधकांनी नीलेतून फ्ल्युओरेसीन हे रंजकद्रव्य टोचून जालपटलातील रक्तप्रवाहाचे चित्रण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६८ मध्ये अमेरिकेत एअरली हाऊस येथे भरलेल्या परिषदेत प्रमाण छायाचित्रांशी तुलना करून प्रत्येक चिन्हाची श्रेणी ठरविण्याची पद्धत आखण्यात आली. तीच पुढे सुधारून अमेरिकेतील दोन मोठ्या चिकित्सा-परीक्षांत वापरली गेली. त्यांपैकी पहिलीचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले व लेसर आदी प्रखर प्रकाशाने जालपटल डागल्यास तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे सिद्ध झाले. दुसरीत ३,७११ रुग्णांचा अभ्यास झाला. आज वापरात असलेल्या श्रेणीकरणाचा पाया हीच परीक्षा होय.

प्रतिमा घेण्याच्या पद्धती : (१) रंगीत छायाचित्रण : ही सर्वांत जुनी व अद्यापही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. प्रमाण पद्धतीत प्रत्येक डोळ्याची ३० अंशांची सात क्षेत्रे टिपतात. सामूहिक तपासणीत ४५ ते ५० अंशांची एक वा दोन चित्रे घेतात. बाहुली औषधाने विस्फारल्यास चित्र अधिक स्पष्ट येते. परंतु अंधाऱ्या खोलीत आपोआप मोठ्या झालेल्या बाहुलीतूनही चित्र घेणारे कॅमेरे उपलब्ध आहेत. चित्रातील हिरवा प्रकाश तेवढा वेगळा काढला असता रक्त शोषणामुळे काळे दिसते व सूक्ष्म लाल ठिपके उठून दिसतात.

(२) अतिविस्तृत क्षेत्राचे चित्रण : लेसर किरणांनी क्रमवीक्षण करणाऱ्या या साधनांत सुमारे २०० अंशांचे क्षेत्र एकाच चित्रात येते. जालपटलाचा सुमारे चार-पंचमांश भाग त्यात सामावतो. सात प्रमाण क्षेत्रांत मात्र केवळ एक-तृतीयांशाच्या आसपास भाग येत असल्यामुळे परिघावरील काही चिन्हे निसटतात.

(३) फ्ल्युओरेसीन वाहिनीचित्रण : दंडातील नीलेत रंजकद्रव्य टोचल्यानंतर निळ्या प्रकाशात ते हिरवट पिवळे चमकते. गळक्या जागा हळूहळू पसरत जाणाऱ्या उजळ डागांसारख्या आणि रक्तपुरवठा तुटलेल्या जागा काळ्या दिसतात. काही रुग्णांना मळमळ होते व क्वचित तीव्र अधिहर्षताजन्य (ॲलर्जीची) प्रतिक्रिया उद्भवते. म्हणून ही तपासणी सरसकट करीत नाहीत.

(४) प्रकाशीय छेदचित्रण : ओसीटी या संक्षिप्त नावाने परिचित असलेली ही पद्धत १९९१ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केली. जालपटलाच्या निरनिराळ्या थरांवरून परावर्तित झालेल्या अवरक्तलगतच्या प्रकाशाची संदर्भकिरणाशी तुलना करून थरांची खोली ठरवितात. श्राव्यातीत ध्वनितरंगांनी पोटातील अवयव पाहतात, त्याच धर्तीवर येथे ध्वनीऐवजी प्रकाश वापरला जातो. अर्वाचीन साधनांत सुमारे ५ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके सूक्ष्म तपशील वेगळे दिसतात. याच तत्त्वावर एकाच जागेचे छेद पुनःपुन्हा घेऊन फिरत्या रक्तकोशिकांमुळे पडणारा फरक टिपला असता कोणतेही रंजकद्रव्य न टोचता केशवाहिन्यांचे जाळे थरागणिक दिसते. मात्र या वाहिनीचित्रणात गळती दिसत नाही.

प्रमुख चिन्हे : सूक्ष्मविस्फार : केशवाहिनीच्या भिंतीतील हे फुगवटे रंगीत चित्रात रेखीव कडांच्या लाल ठिपक्यांसारखे दिसतात. बहुधा हेच डोळ्याला दिसणारे पहिले चिन्ह होय. त्यांचा व्यास १२५ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे दृक्‌तंत्रिकेच्या (दृष्टीच्या मज्जातंतूच्या) बिंबाच्या कडेशी मोठ्या नीलेची जेवढी रुंदी असते तीपेक्षा, कमी असतो. काही ठिपके क्लथनाने (रक्त गोठल्याने) बंद होऊन नाहीसे होतात, तर दुसरीकडे नवे उत्पन्न होतात. म्हणून एकूण संख्या तेवढीच राहिली तरी विकृती थांबली असे समजता येत नाही.

रक्तस्राव : खोल थरांतील रक्तस्राव गोल ठिपक्यांच्या वा डागांच्या स्वरूपाचे असतात, वरच्या तंत्रिकातंतूंच्या थरातील रक्तस्राव तंतूंच्या दिशेने पसरून ज्योतीसारखे दिसतात. बारीक रक्तस्राव व सूक्ष्मविस्फार यांतील भेद केवळ रंगीत चित्रावरून नेहमीच करता येत नाही. फ्ल्युओरेसीन चित्रणात विस्फार उजळतो व रक्तस्राव काळाच राहतो.

कठीण निःस्राव : गळक्या वाहिन्यांतून झिरपलेल्या द्रवातील वसा व वसाप्रथिने मागे राहून मेणासारखे पिवळे, रेखीव कण साचतात. पुष्कळदा त्यांचे वर्तुळाकार कडे तयार होते आणि गळतीचे ठिकाण त्या कड्याच्या मध्याशी सापडते. हे कण गर्तिकेच्या जितके जवळ, तितका दृष्टीला धोका अधिक असतो.

कापशी ठिपके : पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखे, अस्पष्ट कडांचे हे पांढरे डाग म्हणजे निःस्राव नव्हेत. रक्तपुरवठा खंडित झालेल्या जागी तंत्रिकातंतूंमधील द्रव्यांचे वहन अडून ते फुगतात व असे डाग पडतात. काही आठवडे ते महिने टिकून ते विरतात. रक्तदाब अतिशय वाढला असताही ते आढळतात, म्हणून ते दिसल्यास रक्तदाब मोजणे आवश्यक असते.

नीलांतील बदल : मोठ्या नीला जागोजाग फुगून व आक्रसून मण्यांच्या माळेसारख्या दिसू लागतात. सभोवतीच्या जालपटलाचा रक्तपुरवठा मोठ्या प्रमाणावर तुटल्याचे हे भरवशाचे चिन्ह मानतात.

जालपटलांतर्गत सूक्ष्मवाहिनी-विकृती : बंद पडलेल्या केशवाहिन्यांच्या शेजारी वेड्यावाकड्या, रुंदावलेल्या सूक्ष्म वाहिन्या दिसतात. त्या जालपटलाच्या आतच राहतात व नववाहिन्यांच्या मानाने फारच कमी गळतात.

नववाहिन्या : या जालपटलाच्या पृष्ठभागावर किंवा दृक्‌तंत्रिकेच्या बिंबावर उगवून डोळ्यातील काचाभ पिंडाच्या (पारदर्शक जेलीसारख्या पदार्थाच्या) पृष्ठावर पसरतात. त्यांच्या भिंती नाजूक असल्यामुळे त्या फुटून काचाभ पिंडात रक्त उतरते व रुग्णाला एकाएकी काळे ठिपके, जाळी किंवा पडदा दिसू लागतो. त्यांच्याबरोबर वाढलेले तंतुमय ऊतक आक्रसले म्हणजे जालपटल ओढले जाऊन सुटते. बिंबावरील नववाहिन्या इतर ठिकाणच्या नववाहिन्यांपेक्षा अधिक धोक्याच्या समजतात.

तीव्रतेचे वर्गीकरण : २००३ मध्ये मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पाच पायऱ्या आहेत : (१) विकृती नाही, (२) सौम्य, म्हणजे केवळ सूक्ष्मविस्फार, (३) मध्यम, म्हणजे सूक्ष्मविस्फारांहून अधिक पण तीव्र अवस्थेहून कमी, (४) तीव्र, आणि (५) नववाहिनीजनक. तीव्र अवस्था ओळखण्यासाठी ‘४–२–१’ हा नियम वापरतात. जालपटलाचे चार चतुर्थांश कल्पून चारही भागांत प्रत्येकी २० पेक्षा अधिक रक्तस्राव, किंवा निदान दोन भागांत नीलांचे निःसंशय मणिरूप, किंवा निदान एका भागात ठळक सूक्ष्मवाहिनी-विकृती यांपैकी एक जरी गोष्ट आढळली व नववाहिन्या नसल्या, तर अवस्था तीव्र समजावी. या अवस्थेत उपचाराविना जवळजवळ निम्म्या डोळ्यांत एका वर्षात नववाहिन्या उत्पन्न होतात, असे वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या चिकित्सा-परीक्षेत आढळले. असे असूनही या अवस्थेतील रुग्णाला दृष्टितक्त्यावरील शेवटची ओळ वाचता येणे शक्य असते.

पीतबिंदूशोफ : मध्यबिंदूजवळील केशवाहिन्या गळून पीतबिंदू सुजणे हे मधुमेही रुग्णांची दृष्टी अधू होण्याचे एक प्रमुख कारण आहे. ही सूज वरील पाचपैकी, सौम्यपासून पुढे, कोणत्याही पायरीवर येऊ शकते. म्हणून तिची श्रेणी स्वतंत्रपणे देतात. साध्या रंगीत चित्रात जाडी दिसत नाही. गर्तिकेजवळील कठीण निःस्रावांवरून सुजेचा केवळ अंदाज बांधतात. छेदचित्रात मात्र मध्यवर्ती १ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्राची सरासरी जाडी मायक्रोमीटरमध्ये मिळते, तसेच थरांमधील द्रवाने भरलेल्या पोकळ्या व प्रकाशसंवेदी कोशिकांखाली साचलेला द्रव दिसतो. जाडीची सामान्य मर्यादा प्रत्येक बनावटीच्या यंत्रागणिक वेगळी असते. म्हणून एका यंत्रावरील आकड्याची दुसऱ्यावरील आकड्याशी सरळ तुलना करणे योग्य नाही.

जाडीचा आकडा व प्रत्यक्ष दृष्टी यांचे नाते सैल आहे. म्हणून छेदचित्रातील आणखी दोन चिन्हांकडे विशेष लक्ष देतात. एक म्हणजे जालपटलाच्या आतील थरांच्या सीमारेषा पुसट होणे आणि दुसरे म्हणजे प्रकाशसंवेदी कोशिकांशी निगडित असलेली उजळ रेषा तुटणे. ही दोन्ही चिन्हे असल्यास सूज उतरल्यावरही दृष्टी अपेक्षेइतकी सुधारत नाही. वाहिनीचित्रणात गर्तिकेभोवतीचे केशवाहिनीरहित क्षेत्र मोठे व वेडेवाकडे झालेले दिसल्यासही तसाच अर्थ निघतो.

महाराष्ट्रातील अभ्यास : नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेने नागपूरपासून सुमारे ४० किमी. अंतरावरील आठ खेड्यांत ३० वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी केली. मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अध्ययन या नावाने प्रसिद्ध असलेल्या या अभ्यासामुळे विदर्भातील ग्रामीण शेतकरी समाजाच्या डोळ्यांची पद्धतशीर माहिती प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली. मुंबईतील झोपडपट्ट्यांत आदित्य ज्योत या संस्थेने केलेल्या पाहणीत मधुमेही व्यक्तींपैकी सुमारे १५ टक्के लोकांत ही विकृती आढळली. देशातील दहा राज्ये व एक केंद्रशासित प्रदेश यांत डिसेंबर २०१८ ते मार्च २०२० या काळात झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार ४० वर्षांवरील मधुमेही व्यक्तींत विकृतीचे प्रमाण १२·५ टक्के व दृष्टीला धोका असलेल्या विकृतीचे प्रमाण ४ टक्के होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. हे पाहता ४ टक्के हे प्रमाण लहान वाटले, तरी त्यामागील माणसांची संख्या मोठी आहे.

प्रतिमाचिन्हांच्या अभ्यासाला महाराष्ट्राने दिलेली एक विशेष देणगी नांदेडची आहे. तेथील श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील प्रसन्न पोरवाल, समीक्षा पाचडे, मनेश कोकरे व त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये जालपटलाच्या ५१६ रंगीत छायाचित्रांचा संग्रह सर्वांना खुला केला. ही चित्रे नांदेडमधील एका नेत्रचिकित्सालयात ५० अंशांच्या कॅमेऱ्याने घेतलेली आहेत. प्रत्येक चित्राला विकृतीची व पीतबिंदूशोफाच्या धोक्याची श्रेणी दिलेली असून त्यांपैकी ८१ चित्रांत सूक्ष्मविस्फार, रक्तस्राव, कठीण निःस्राव आणि कापशी ठिपके यांच्या सीमा चित्रबिंदूगणिक रेखाटलेल्या आहेत. अशी रेखाटने अतिशय कष्टाची असतात. परंतु त्यांच्यावाचून संगणकाला एखादे चिन्ह नेमके कोठे आहे, हे शिकविता येत नाही व त्याने दिलेले उत्तर तपासताही येत नाही. त्याच वर्षी जीववैद्यकीय प्रतिमांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात या संग्रहावर आधारित स्पर्धा घेण्यात आली आणि मराठवाड्यातील रुग्णांची ही चित्रे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाऊ लागली.

चाळणी-तपासणी व संगणकीय वाचन : लक्षणे नसलेल्या सर्व मधुमेही व्यक्तींची ठराविक काळाने तपासणी करून उपचारयोग्य रुग्ण वेगळे काढण्यास चाळणी-तपासणी म्हणतात. तरुणपणी होणाऱ्या, आरंभापासून इन्शुलिनावर अवलंबून असलेल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ती निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरू करतात. प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रोग नकळत काही वर्षे अंगात असू शकतो. म्हणून निदान होताच तपासणी करणे आवश्यक ठरते. त्यानंतर सामान्यतः दरवर्षी ती करतात. मधुमेही स्त्रीला दिवस गेल्यास विकृती झपाट्याने वाढण्याचा संभव असतो. अशा स्त्रीची तपासणी शक्यतो गर्भधारणेपूर्वी, नाही तर पहिल्या तीन महिन्यांत करावी लागते.

या तपासणीची व्यावहारिक अडचण वऱ्हाडातील उदाहरणाने स्पष्ट होते. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र. अशा गावात रक्तशर्करा मोजणे कठीण नाही. परंतु जालपटलाचे तज्ज्ञ बहुधा अमरावती, अकोला वा नागपूर अशा शहरांतच भेटतात. ज्याला नीट दिसते त्याने पेरणीचे वा संत्रा-तोडणीचे दिवस सोडून, मजुरी बुडवून शहर गाठावे, ही अपेक्षा सहजी पुरी होत नाही. वरील पाहणीतील प्रमाण लावले, तर चाळिशीवरील १०० मधुमेही व्यक्तींत साधारणपणे चार जणांची दृष्टी धोक्यात असते. हे चार जण कोणते, हे त्यांच्या तक्रारींवरून ओळखता येत नाही. त्यासाठी शंभरही जणांच्या जालपटलाचे चित्र घ्यावे लागते. चित्र गावातच घेऊन ते वाचण्यासाठी शहरात धाडणे किंवा तेथल्या तेथे संगणकाकडून वाचून घेणे, हे यावरील मार्ग आहेत.

संगणकीय वाचनाला २०१६ मध्ये मोठी चालना मिळाली. त्या वर्षी गूगलच्या संशोधकांनी १,२८,१७५ चित्रांवर शिकविलेल्या प्रणालीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या चित्रांत भारतीय रुग्णालयांतील चित्रांचाही समावेश होता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्याच्या मध्यस्थीवाचून निर्णय देणाऱ्या पहिल्या प्रणालीस परवानगी दिली. मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या मधुमेही रुग्णांची चित्रे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी स्मार्टफोनवर आधारित कॅमेऱ्याने घेतली आणि इंटरनेटवाचून चालणाऱ्या प्रणालीने ती वाचली. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्लेषणात घेतलेल्या २१३ रुग्णांपैकी तज्ज्ञाकडे पाठविण्याजोगा एकही रुग्ण प्रणालीकडून निसटला नाही आणि पाठविण्याची गरज नसलेल्यांपैकी ८८·४ टक्के तिने अचूक ओळखले. रुग्णसंख्या लहान असल्यामुळे हे आकडे अंतिम मानता येणार नाहीत. परंतु नेत्रवैद्य नसलेल्या ठिकाणी तपासणी होऊ शकते, हे त्यांवरून दिसते.

अशा आकड्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. समजा, १०० मधुमेही व्यक्तींत पाच जण तज्ज्ञाकडे पाठविण्याजोगे आहेत. वरील अचूकतेने ते पाचही सापडतील. पण उरलेल्या ९५ जणांपैकी सुमारे ११ जणही शहराकडे धाडले जातील. म्हणजे पाठविलेल्या १६ जणांपैकी बहुसंख्य लोकांना तज्ज्ञ ‘काही नाही’ असे सांगून परत पाठवील. हे आधी समजावून सांगितले नाही, तर पुढील वर्षी चित्र काढण्यास कोणी येणार नाही. उलट पाठविलेल्यांचा पाठपुरावा केला नाही, तर सापडलेल्या पाच जणांनाही तपासणीचा उपयोग होत नाही. त्यामुळे कोणाला पाठविले, तो पोहोचला की नाही व त्यावर उपचार झाले की नाहीत, यांची नोंद ठेवणे हा चाळणी-तपासणीचा अविभाज्य भाग समजला पाहिजे.

मर्यादा : मोतीबिंदू, लहान बाहुली किंवा डोळा स्थिर न राहणे यांमुळे चित्र अस्पष्ट येते. ग्रामीण भागातील वयस्क रुग्णांत पिकलेला मोतीबिंदू हा नेहमीचा अडथळा आहे. न वाचता येणारे चित्र म्हणजे निर्दोष चित्र नव्हे; अशा रुग्णाला बाहुली विस्फारून तपासणीसाठी पाठविणे हाच सुरक्षित नियम होय. केवळ मध्यभागाच्या चित्रात परिघावरील विकृती येत नाही. परिघावरील चिन्हांचे महत्त्वही अद्याप पूर्णपणे निश्चित झालेले नाही : २०२२ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात फ्ल्युओरेसीन चित्रणात परिघावर अधिक चिन्हे असणे हे विकृती पुढे वाढण्याचे पूर्वचिन्ह ठरले, रंगीत चित्रातील तशी चिन्हे मात्र ठरली नाहीत. मधुमेहासाठी शिकविलेली प्रणाली काचबिंदू किंवा इतर रोग ओळखेलच असे नाही. याच नांदेडच्या संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये ३,२०० चित्रांचा व अनेक नेत्ररोगांचा समावेश असलेला दुसरा संग्रह प्रसिद्ध केला, तो ही उणीव लक्षात घेऊनच होय.

चिन्हे व उपचार : सौम्य व मध्यम अवस्थांत डोळ्यावर सहसा प्रत्यक्ष उपचार करीत नाहीत, रक्तशर्करा, रक्तदाब व रक्तातील वसा यांचे नियंत्रण हाच उपचार असतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी परीक्षेत पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शर्करेच्या काटेकोर नियंत्रणामुळे विकृती नव्याने उत्पन्न होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ मधील ब्रिटिश परीक्षेत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तदाबाच्या काटेकोर नियंत्रणामुळे विकृती वाढण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. बराच काळ वाढलेली शर्करा एकदम खाली आणली असता काही रुग्णांत विकृती तात्पुरती वाढते. म्हणून तसे करण्यापूर्वी जालपटलाचे चित्र घेऊन ठेवणे इष्ट असते. या कारणासाठी शर्करा उतरविणे मात्र टाळू नये.

नववाहिन्या दिसू लागल्यास जालपटलाचा परिघीय भाग लेसर किरणांनी डागतात किंवा वाहिनीवर्धक प्रथिनांना निष्प्रभ करणारी औषधे काचाभ पिंडात टोचतात. टोचण्यांचा उपचार पुनःपुन्हा घ्यावा लागतो. त्यात खंड पडल्यास विकृती उसळण्याचा धोका असतो; त्यामुळे दूरच्या गावातून नियमितपणे येणे ज्याला शक्य नाही, अशा रुग्णासाठी लेसरचा विचार आधी करतात. गर्तिकेपर्यंत पोहोचलेल्या व दृष्टी कमी केलेल्या शोफावर ही औषधे विशेष गुणकारी आहेत. मात्र छेदचित्रात सूज असूनही दृष्टी उत्तम असल्यास तातडीने टोचणी देण्याऐवजी बारकाईने लक्ष ठेवल्यासही दोन वर्षांनंतर दृष्टीच्या बाबतीत फरक पडत नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत आढळले. काचाभ पिंडातील न निवळणारा रक्तस्राव व ओढले जाऊन सुटलेले जालपटल यांवर शस्त्रक्रिया करावी लागते.

यावरून प्रतिमाचिन्हांचे कार्य व त्यांची मर्यादा स्पष्ट होते. रुग्णाची दृष्टी चांगली असताना धोका दाखवून देणे हे त्यांचे कार्य होय; तो धोका टाळणे मात्र वेळेवर मिळणारे उपचार, मधुमेहाचे नियंत्रण व दरवर्षी न चुकता होणारी तपासणी यांवर अवलंबून असते. एका वर्षीचे निर्दोष चित्र पुढील वर्षांची हमी देत नाही. मधुमेह होऊन २० वर्षे लोटल्यावर पहिल्या प्रकारच्या जवळजवळ सर्व व दुसऱ्या प्रकारच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत काही ना काही विकृती आढळते, असे इन्शुलिन व लेसर यांचा प्रसार झाल्यानंतरच्या काळातील जुन्या पाहण्यांत दिसून आले होते. काटेकोर नियंत्रणामुळे हे प्रमाण अनेक देशांत उतरले आहे. शर्करेची तपासणी व जालपटलाचे चित्र या दोन्ही गोष्टी रुग्णाला नियमाने मिळणे महत्त्वाचे आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.